वसईच्या मठात एक सकाळ

सहल म्हटली की आपल्याकडे काय ठरतं? एक तर देवदर्शन, नाही तर नणंदेकडचं बारसं. दोन्हीकडे आपला पदर खोचलेलाच! तेव्हा मैत्रिणींनो, या खेपेस जरा वेगळीकडे चला. टेंभी नाक्याहून घोडबंदर रस्त्याने निघालं, की रहदारी धरून दोनएक तासांत वसईचा किल्ला येतो. आगगाडीने जायचं तर दादरला गाडी बदलून वसई रोडला उतरा आणि पुढे रिक्षा करा.

किल्ला म्हटला की आपल्याला तोफाच आठवतात. पण १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर या तटाआड फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन असे निरनिराळ्या पंथांचे मठ उभे राहिले. युरोपात सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांना नियम घालून दिले होते: प्रार्थना, वाचन, अंगमेहनत, सगळं नेमल्या वेळी. इथले पंथ वेगळे, नियमही वेगळे. पण घंटेवर चालणारा दिवस तोच. दूध, डबा, शाळा काट्यावर सांभाळणाऱ्या आपल्याला यात नवं ते काय? फरक एवढाच, की त्यांच्या दिवसात गप्प बसायलाही वेळ राखलेला असे!

संत अँथनीचं फ्रान्सिस्कन चर्च आवर्जून पाहा. छप्पर कधीच गेलं. उंच कमानी मात्र उभ्या आहेत. खाली बघून चाला, कारण फरशीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. कुणाची तरी माणसं तिथे निजली आहेत. मुलांना गोन्सालो गार्सियाची गोष्टही सांगा. वसईत जन्मलेला हा मुलगा पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ साली त्याला संतपद मिळालं.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरची, वाईजवळच्या मेणवलीची, नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच मानतात. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल कोरलेलं आहे. बघा हं, जिंकणाऱ्यांनी त्या वितळवल्या नाहीत, आपल्या देवापुढे टांगल्या. आणि आपली मुलं किल्लीने भिंतीवर नावं कोरतात! लढाईतून वाचलेलं आपण हौसेपोटी घालवायचं का? जाण्यापूर्वी घरीच बजावून ठेवा.

थोडी तयारी करा. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस आणि सपाट चपला बऱ्या. आत खाण्यापिण्याची सोय होईल असं धरू नका. दशम्या, कोरडी चटणी आणि भरपूर पाणी बरोबर घ्या. पावसाळ्यात गवत माजतं, तेव्हा आडवाटेला शिरू नका. कागद-पिशव्या परत आणा आणि अंधारापूर्वी निघा.

आणि हो, दहा मिनिटं मुलांना त्यांच्या बाबांच्या हवाली करून एखाद्या कमानीच्या सावलीत एकट्या बसा. डबा उघडायची घाई करू नका. तेवढा वेळ कुणाला भूक लागत नाही!