घरच्या दुरुस्तीनंतर गाडी चालू होत नाही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लग बदलणे, एअर फिल्टर साफ करणे, बॅटरी काढून पुन्हा बसवणे यांसारख्या घरी केलेल्या कामानंतर मोटार चालू झाली नाही, तर शोधाची सुरुवात त्याच कामापासून करावी. आधी व्यवस्थित चालणाऱ्या गाडीत नेमक्या त्याच वेळी दुसरा स्वतंत्र बिघाड होणे अशक्य नाही, पण ते क्वचित घडते. बहुतेक वेळा कारण हात लागलेल्या जागीच असते: सैल राहिलेले टर्मिनल, पूर्ण न बसलेला कनेक्टर, परत न जोडलेली अर्थची पट्टी किंवा निसटलेला पाइप.

पेट्रोल इंजिन चालू होण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: क्रँकशाफ्ट पुरेशा वेगाने फिरणे, योग्य प्रमाणात हवा व इंधन मिळणे, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होणे आणि योग्य क्षणी ठिणगी पडणे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. म्हणून पहिला प्रश्न एकच असतो, चावी फिरवल्यावर सेल्फ फिरतो की नाही. फिरत नसेल तर बॅटरी, जोडण्या आणि स्टार्टरकडे पाहावे. फिरत असूनही इंजिन पेट घेत नसेल तर इंधन, ठिणगी, हवा आणि टायमिंगकडे. हा फरक न करता पुढे गेल्यामुळे पुढील गैरसमज टिकून राहतात.

गैरसमज 1: दिवे लागतात आणि हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे.

वस्तुस्थिती: हॅलोजन हेडलाइटचा एक दिवा साधारण 5 अँपिअर वीज घेतो, स्टार्टरला लहान गाडीतही 100 अँपिअरहून अधिक लागते. दिवे लावू शकणारी बॅटरी इंजिन फिरवू शकेलच असे नाही. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो, 12.2 व्होल्टला ती जवळपास अर्धी उतरलेली असते. खरी परीक्षा मात्र सेल्फ मारतानाच होते. त्या वेळी दाब 9.6 व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी समजावी. दुरुस्ती चालू असताना दार तासन्‌तास उघडे राहते, आतला दिवा जळत असतो, चावीही ऑनवर असते. जुनी बॅटरी एवढ्यानेही उतरते.

गैरसमज 2: नुसता टकटक आवाज आला, म्हणजे स्टार्टर गेला.

वस्तुस्थिती: भराभर होणारी टकटक बहुधा अपुऱ्या विजेची खूण असते. स्टार्टरला वीज जोडणारा सोलेनॉइड आत ओढला जातो, स्टार्टर वीज मागताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. एकच ठोका ऐकू आला तर सोलेनॉइडचे संपर्कबिंदू, मोटर किंवा खराब अर्थ यांचा संशय घ्यावा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी काढली असेल आणि ती परत लावायची राहिली असेल, किंवा रंग व गंज न खरवडता लावली असेल, तर नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर घालूनही उपयोग होत नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. तेव्हा 0.5 व्होल्टहून अधिक दाब दिसला तर दोष अर्थच्या जोडणीत आहे.

काहीच आवाज आला नाही, तर ऑटोमॅटिक गाडीत गियर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे का ते पाहावे. अनेक मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. क्लचपाशी काम झाले असेल तर तिथल्या स्विचचा कनेक्टर तपासावा. त्यानंतर फ्यूज, रिले आणि सोलेनॉइडची लहान तार पाहावी.

गैरसमज 3: बॅटरी काढली की गाडीचा कॉम्प्युटर कोरा होतो आणि चावीची ओळखही पुसली जाते.

वस्तुस्थिती: इंजिन नियंत्रकाचा मूळ प्रोग्रॅम आणि इमोबिलायझरमधील चावीची नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असतात. बॅटरी काढल्यावर पुसली जातात ती नियंत्रकाने चालवताना शिकलेली मूल्ये, घड्याळ आणि काही गाड्यांत रेडिओची सेटिंग. त्यामुळे आयडलिंग काही काळ अस्थिर राहू शकते, पण इंजिन चालू व्हायलाच हवे. चावीच्या खुणेचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर चावीतील चिप वाचली जात नाही. स्टिअरिंगभोवतीचे कव्हर उघडले असल्यास चावीच्या खाचेजवळचा कनेक्टर तपासावा.

गैरसमज 4: भाग नवा आहे, त्यामुळे दोष त्यात असूच शकत नाही.

वस्तुस्थिती: नव्या प्लगची चिनीमाती बसवताना तडकू शकते, चुकीच्या क्रमांकाचा भाग येऊ शकतो आणि भाग चांगला असूनही तो चुकीचा बसवला जाऊ शकतो. जुन्या रचनेत प्लगच्या वायर अदलाबदल झाल्या की ठिणगी भलत्याच सिलिंडरमध्ये पडते. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा ज्वलनक्रम 1-3-4-2 असतो. प्लगगणिक स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसला आहे का ते पाहावे. सेल्फ मारल्यानंतर काढलेला प्लग कोरडा असेल तर इंधन येत नाही. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही किंवा इंधन जास्त झाले आहे. चावी ऑन करताच टाकीतल्या पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू येते. ती ऐकूच येत नसेल तर आधी फ्यूज व रिले पाहावेत, मग पंपाकडे जावे.

गैरसमज 5: चेक इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणजे सगळे सेन्सर ठीक आहेत.

वस्तुस्थिती: चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, हा दिवा लागायलाच हवा. तो लागत नसेल आणि स्कॅनरही गाडीशी जोडला जात नसेल, तर नियंत्रकापर्यंत वीज पोहोचत नाही असा संशय घ्यावा. मुख्य फ्यूज किंवा अर्थ तिथे कारणीभूत असू शकतात. क्रँकशाफ्टच्या सेन्सरचे महत्त्व मोठे आहे. त्याचा संकेत मिळाला नाही तर बहुतेक गाड्यांत ठिणगीही पडत नाही आणि इंधनही फवारले जात नाही. क्लच, गियरबॉक्स किंवा टायमिंग बेल्टच्या कामात या सेन्सरला धक्का लागण्याची शक्यता असते. एअर फिल्टरच्या कामानंतर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडत असेल, तर हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर आणि त्यापुढील पाइपची क्लिप तपासावी.

गैरसमज 6: टायमिंग बेल्ट एखाद्या दाताने चुकला तरी चालते.

वस्तुस्थिती: एका दाताच्या चुकीनेही इंजिन अडखळते किंवा चालू होत नाही, चूक जास्त असल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. कॅमशाफ्टच्या एका फेरीत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात. म्हणून बेल्ट बसवल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. मध्येच कठीण अडथळा लागला तर जोर लावू नये. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि वेगात फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही असे समजून सेल्फ मारणे थांबवावे.

गैरसमज 7: सेल्फ मारत राहिले किंवा धक्का दिला की गाडी शेवटी चालू होतेच.

वस्तुस्थिती: एका वेळी 10 सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि पुढच्या प्रयत्नाआधी किमान अर्धा मिनिट थांबावे; नाहीतर स्टार्टर तापतो आणि बॅटरी उतरते. धक्क्याने फक्त स्टार्टरचे काम भागते. ठिणगी, इंधन किंवा टायमिंगचा दोष त्याने जात नाही, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो बिघडू शकतो. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. डिझेल फिल्टर बदलल्यावर इंधनात हवा धरली असेल, तर हँडपंपाने ती बाहेर काढावी लागते. ग्लो प्लग असलेल्या डिझेल इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारणे धोक्याचे आहे. तो वेळेआधी पेटून इंजिनाचे नुकसान करतो.

तपासणीपूर्वी हँडब्रेक लावावा, गियर न्यूट्रलला ठेवावा आणि पट्टे व पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत. बॅटरी काढताना निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावे आणि बसवताना शेवटी जोडावे. ठिणगी पाहण्यासाठी प्लगची वायर हातात धरू नये. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

नवा भाग विकत घेण्याआधी केलेले काम उलट क्रमाने तपासावे आणि मोजमाप करूनच भाग दोषी ठरवावा. जोडण्या, फ्यूज, अर्थ आणि टायमिंगच्या खुणा पाहूनही कारण सापडले नाही, तर मेकॅनिकला केलेल्या कामाची संपूर्ण यादी द्यावी. त्यातून एकही गोष्ट लपवू नये, कारण शोध तिथूनच सुरू होतो.