इंजिन उतरवताना

संपादकांना वेगावर लेख हवा होता. मी लेकीकडे ऑक्सफर्डला निघालेय हे कळल्यावर त्यांचा फोन आला, "तिथून सिल्व्हरस्टोन जवळ आहे. एखादी शर्यत बघून या." पण मार्चची सुरुवात होती, हंगाम अजून लागायचा होता. मला बघायला मिळाली ती जागेवर उभी असलेली गाडी. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका शेडमध्ये, लोखंडी घोड्यांवर चढवलेली, मागची चाकं उतरवलेली. इतकी अरुंद, की आत माणूस बसत असेल यावर विश्वास बसेना.

मला तिथे नेलं ते निगडीच्या एका मुलाने. ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात तो शर्यतीच्या गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकतो आणि शनिवारी या शेडमध्ये हाताखाली काम करतो. लेकीच्या ओळखीचा, म्हणून मला मावशी म्हणतो. शेडमधल्या सत्तरीच्या इंग्रज कारागिराला तो 'आमचे मिस्त्री' म्हणतो, अर्थात माझ्यापाशी. त्या दिवशी या दोघांना गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा होता, लागलंच तर इंजिनही. "दुपारपर्यंत होईल ना रे?" मी विचारलं. "मिस्त्रींना विचारू नका मावशी," तो म्हणाला, "त्यांना ते अपशकुनी वाटतं."

गाडी फॉर्म्युला फोर्डची. या शर्यतींचा जन्म १९६७चा. शर्यत शिकवणाऱ्या शाळांना महागडी रेसिंग इंजिनं परवडेनात, तेव्हा फोर्डच्या घरगुती मोटारीचं साधं बिडाचं इंजिन वापरून बघितलं गेलं आणि त्यातून गाड्यांची एक अख्खी जात उभी राहिली. पहिली शर्यत २ जुलै १९६७ रोजी ब्रँड्स हॅचला झाली. गाडीची किंमत १,००० पौंडांच्या आत बसवायची, हवेचा दाब वाढवणारे पंख लावायचे नाहीत, इंजिन सगळ्यांचं सारखं. पुढे स्थिरावलं ते १,६०० सीसीचं 'केंट' इंजिन. एमर्सन फिटिपाल्डी, जेम्स हंट, आयर्टन सेना याच पाटीवर धुळाक्षरं गिरवून मोठे झाले. कोइंबतूरच्या नारायण कार्तिकेयनने १९९४मध्ये ब्रिटनची फॉर्म्युला फोर्ड हिवाळी मालिका जिंकली. युरोपात मोटार शर्यतींचं अजिंक्यपद मिळवणारा तो पहिला भारतीय. एवढा इतिहास पुरे, कारण मी तिथे पोचल्यापासून माझे डोळे गाडीच्या शेपटाकडे लागले होते.

तिथे होती ट्रान्सअ‍ॅक्सल. गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शिअल एकाच पेटीत असलं की तिला हे नाव. आपल्या मारुती ८००च्या बॉनेटखालीही तीच असते, फक्त पुढच्या चाकांसाठी. या शेडमधली पेटी ह्यूलंडची होती. माइक ह्यूलंड यांनी १९५७मध्ये मेडनहेड गावात कारखाना काढला आणि साठच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवताना त्यांनी पेटी घेतली ती चक्क फोक्सवॅगन बीटलची. आतले गिअर आपले, घर बीटलचं. आणि ते घरही उताणं केलेलं.

उताणं का, हे मला निगडीच्या मुलाने हातांनी करून दाखवलं. बीटलमध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. शर्यतीच्या गाडीत ते चाकांच्या पुढे, चालकाच्या पाठीशी. म्हणजे गिअरबॉक्सचं तोंड फिरवायला हवं. पण नुसतं तोंड फिरवलं तर चाकं उलटी फिरतात. "मग गाडीला चार गिअर रिव्हर्सचे आणि पुढे जायला एकच!" त्याने एका मुठीचा दांडा केला, दुसऱ्या पंजाची चकती त्याच्या डाव्या अंगाला टेकवली, आणि मग दोन्ही हात मनगटातून उलथे केले. चकती दांड्याच्या उजव्या अंगाला आली. दांडा फिरतोय तसाच फिरत राहिला, चकतीची दिशा मात्र बदलली. एक नवा भाग न घालता चार रिव्हर्स सुलटे झाले. मी त्याला ते तीनदा करायला लावलं. इतका सोपा आणि इतका देखणा उपाय मी यंत्रांत फार पाहिलेला नाही.

या पेटीची आणखी एक खुबी म्हणजे तिचं मागचं झाकण काढलं की गिअरच्या जोड्या हाताशी येतात. लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकला एक जोडी, वळणावळणांच्या ट्रॅकला दुसरी, आणि बदलायला पेटी गाडीतून काढावी लागत नाही. मग आज ती का काढायची? कारण क्लच घसरत होता आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन नि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या घराच्या तळातून तेल ठिबकत होतं. तेल कुठलं, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर काढली. मग पाणी सोडलं, तेल सोडलं, पेट्रोलच्या नळीला बूच मारलं, कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल, सायलेन्सर, स्टार्टर, गिअरचा दांडा, दोन्ही अ‍ॅक्सल. क्लचचा छोटा सिलिंडर त्यांनी नळीसकट सोडवून दोरीने चौकटीला बांधून ठेवला. नळी खोलली असती तर शेवटी हवा काढत बसावं लागलं असतं. निघालेला प्रत्येक नट परत आपल्याच बोल्टवर दोन आटे चढत होता. शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. माझ्या आजीच्या हातात वाती वळताना जी लय असायची, ती मला इथे दिसली.

चहाच्या वेळी मिस्त्री पहिल्यांदा मोकळेपणी बोलले, आणि बोलले ते दुसऱ्याच गाडीविषयी. फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत व्हायच्या चारच आठवडे आधी, ४ जून १९६७ला, हॉलंडमध्ये झांडव्होर्टला लोटस ४९ पहिल्यांदा धावली आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. तिच्यातलं कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन कीथ डकवर्थ यांचं. फोर्डच्या वॉल्टर हेज यांनी कंपनीकडून १,००,००० पौंड मिळवून दिले म्हणून ते झालं. त्या गाडीला इंजिनाच्या मागे चौकटच नव्हती. पुढच्या सांगाड्याला इंजिन चार ठिकाणी बोल्टांनी जोडलेलं, इंजिनाला गिअरबॉक्स, आणि मागचा सगळा भार त्यांच्यावरच. ते इंजिन उतरवायचं म्हणजे गाडीचे दोन तुकडे करायचे. "आमच्या या गाडीत निदान नळ्यांची चौकट उरते," मिस्त्री म्हणाले. वॉल्टर हेज यांच्या नावाने सिल्व्हरस्टोनला २००१पासून केंट इंजिनांच्या गाड्यांची शर्यत होते, नोव्हेंबरात. ही गाडी तिथेच धावायची आहे.

चहानंतर बेल हाउसिंगचे बोल्ट निघाले. पेटीखाली ट्रॉली जॅक लावला. आता ती सरळ मागे ओढायची, बस. सरळ हा शब्द महत्त्वाचा. गिअरबॉक्सच्या तोंडातून एक दांडा निघतो, तो क्लचप्लेटच्या खाचांमधून आरपार जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकाशी एका इवल्या बेअरिंगमध्ये बसतो. पेटी जरा खाली लोंबली की तिचं सगळं वजन त्या दांड्यावर येतं आणि प्लेट वाकते.

पेटी बोटाच्या पेराएवढीही हलली नाही. फट पडली ती नखाएवढी, तीही फक्त उजवीकडे.

इंजिन आणि हाउसिंग अचूक समोरासमोर यावेत म्हणून मध्ये पोलादी खुंट्या असतात, डॉवेल. हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओल धरून वर्षानुवर्षं चिकटून बसले की अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशी आल्यासारखा गंज चढतो, आणि तो खुंटीला आवळून धरतो. निगडीच्या मुलाने टॉमी, म्हणजे उचकटायची लोखंडी सळई, उचलली. मिस्त्रींनी काही न बोलता ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "फटीत टॉमी घातली की पेटी निघते," ते नंतर मला म्हणाले, "आणि चरा पडतो. मग त्या दोन तोंडांची गाठ पुन्हा कधीच नीट पडत नाही."

गंज सोडवणारं तेल सोडलं. अर्धा तास थांबले. हॉट एअर गनने खुंटीभोवतीचं हाउसिंग शेकलं. ज्योत नाही, कारण पलीकडची पेटी मॅग्नेशियमची, आणि मॅग्नेशियम पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. लाकडाच्या दोन पाचरी घेतल्या, डावीकडे एक टोला, उजवीकडे एक टोला. प्रत्येक टोल्यानंतर फीलर गेजची पाती दोन्ही फटींत घालून बघायची. उजवी फट मोठी, थांब. पुन्हा तेल, पुन्हा शेक. दोन तास असेच गेले. मला वाटलं होतं ताकदीचं काम बघायला मिळेल. प्रत्यक्षात ते दोघं सगळा वेळ ताकद आवरून धरत होते, आणि ती आवरून धरणं त्या मुलाला जड जातंय हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

साडेतीनला 'टक्' असा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा. पेटी दोन बोटं मागे आली. मुलगा जॅक ढकलत होता आणि मिस्त्री पेटीला दोन्ही हातांनी लहान मुलासारखं धरून मागे घेत होते. दांडा खाचांमधून सुटला.

मिस्त्रींनी हाउसिंगमधलं तेल बोटावर घेतलं, वास घेतला आणि बोट माझ्यापुढे केलं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. याला तो नव्हता. काळं, जळकट. इंजिनाचं तेल. म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील गेलेलं. बांगडीएवढं रबराचं कडं, त्यासाठी हा सगळा दिवस. फ्लायव्हील काढलं तर हे सील इंजिन जागेवर ठेवूनही बदलता येतं, म्हणून मुलाचा चेहरा उजळला. पण मिस्त्रींनी डायल गेज लावून फ्लायव्हीलला मागेपुढे रेटलं, आणि काटा बराच फिरला. क्रँकशाफ्ट मागेपुढे खेळत होता. आतले थ्रस्ट वॉशर झिजले होते. अशा इंजिनात नवं सील टिकत नाही.

"उतरवायचं," ते म्हणाले.

मला त्या क्षणी गाडीपेक्षा त्यांची काळजी वाटली. त्यांच्या बोटांची पेरं सुजली होती. पाना धरताना ते अंगठ्याऐवजी तळहाताने रेटत होते. त्यांच्या हाताखाली शिकणारा हा एकच मुलगा, आणि त्याचा व्हिसा पुढच्या वर्षी संपतोय. काट्याचे आकडे त्याने वहीत टिपून घेतले. टॉमी कधी उचलायची नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

बाहेर अंधारून आलं होतं. इंजिन क्रेनची साखळी दोन कड्यांत अडकवली, पुढचे बोल्ट काढले. साखळी ताणली गेली, चौकट किंचित वर आली आणि हलकी होऊन घोड्यांवर परत टेकली. बिडाचं इंजिन हवेत उचललं गेलं आणि हळूहळू फिरायला लागलं. निगडीच्या मुलाने पुढे होऊन त्याच्यावर तळहात ठेवला. इंजिन थांबलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि क्रेन मागे ओढायला घेतली.