जुना जालना, रोज एक फोटो

रोज फोटो काढायचा तर नवीन जागा शोधत फिरू नका. वाट एकच ठेवा. जुन्या जालन्यात कुंडलिका नदीवरचा पूल, आनंदी स्वामी मंदिर आणि काळी मशीद एवढं वर्षभर पुरतं! सूर्य डिसेंबरात आग्नेयेकडून उगवतो, जूनमध्ये ईशान्येकडून, त्यामुळे तीच भिंत सहा महिन्यांनी वेगळी दिसते. कुंडलिका पावसाळ्यात एक, एप्रिलमध्ये दुसरीच.

काळ्या मशिदीसारख्या काळ्या दगडाचा फोटो मोबाईलवर हमखास राखाडी येतो. कारण कॅमेरा गडद रंग पाहून उजेड वाढवतो. स्क्रीनवर दगडाला बोट लावा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. काळा काळाच राहील आणि घडाईही दिसेल. दुपारचं ऊन टाळाच.

आषाढी एकादशीला आनंदी स्वामींच्या पालखीत गर्दी असते. तिथे एखाद्याचा जवळून फोटो घ्यायचा तर आधी विचारा, मावशी-काका आनंदाने उभे राहतात. महिन्याचे फोटो तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत मोबाईलबाहेर हवीच.

तुमच्या गल्लीचा आजचा फोटो काढा आणि खाली नक्की टाका.