विजयाचा ठसा



राजाचा विजय रयतेला कळावा कसा? रोमच्या सम्राटांनी तो चांदीच्या नाण्यांवर कोरला. व्हेस्पेशियनाच्या एका नाण्यावर मागील बाजूस जिंकलेल्या शस्त्रांचा स्तंभ आहे; त्याच्या पायथ्याशी शोक करीत बसलेली स्त्री, आणि खाली अक्षरे 'ज्यूडिया'. इ. स. ७० साली यरुशलेम पडले. त्याची वार्ता अशी हातोहाती फिरली.

आपल्याकडील तऱ्हा निराळी. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सारी नाणी क्षत्रप नहपानाची. पण ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. एका अंगास तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या अंगास उज्जयिनी-चिन्ह. खालून नहपानाचा चेहरा अर्धवट डोकावतोच. नाणे न आटविता त्याचा धनी बदलला.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आमच्या मनात येते, ठसा बदलला तरी चांदी तीच राहिली. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. त्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळावयाची. ते व्याज पिकायचे मागावर.

ठसा राजाचा, पण नाण्याला मोल येते ते श्रमाने. जुने नाणे हाती आले, तर ठशाखालचे हेही वाचावे, एवढेच आमचे सांगणे.