खोबरेल कां थिजतें?

थंडीच्या दिवसांत सकाळीं खोबरेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाहीं. शेंगदाण्याचें तेल मात्र खुशाल वाहत असतें. दोन्हीं तेलेंच, मग हा भेद कां? आम्हीही पुष्कळ वर्षें विचार न करितां बाटली चुलीजवळ ठेवून मोकळे होत होतों. वस्तुतः सुमारें २४ अंश सेंटिग्रेडची ऊब तिला पुरते. कोमट पाणी बस्स आहे.

शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत चरबीची घटना उलगडून दाखविली. तेल, तूप व चरबी यांत ग्लिसरीनच्या प्रत्येक रेणूस मेदाम्लाचे तीन रेणू जडलेले असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या परमाणूंची सांखळी. तिच्या एका टोंकास अम्लगट असतो. शिरक्यांतील असिटिक अम्लही याच जातीचें. परंतु त्यांत कार्बन दोनच, म्हणून तें पाण्यांत सहज मिसळतें. सांखळी लांबली कीं तिचें पाण्याशीं पटत नाहीं.

आतां खरी मौज पहा. स्टिअरिक व ओलिइक या दोन्हीं अम्लांत कार्बन अठराच. तरी पहिलें सुमारें ६९ अंशांवर वितळतें, दुसरें १३ अंशांच्या आसपास! ओलिइकच्या सांखळींत मध्येंच एक दुहेरी बंध असतो व तेथें ती वांकते. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बसते, वांकड्यांची बसत नाहीं, तसेंच हें आहे. शेंगदाण्याच्या तेलांत वांकड्या सांखळ्या फार. खोबरेलांत जवळजवळ निम्मा भाग बारा कार्बनांच्या सरळ लॉरिक अम्लाचा.

हीच अम्लें कॉस्टिक सोड्याशीं संयोग पावलीं म्हणजे साबण होतो.

नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञानें १९०२ सालीं निकेलच्या साह्यानें पातळ तेलांत हायड्रोजन भरून तें घट्ट करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. वनस्पति तूप त्याच मार्गानें आलें. परंतु ही क्रिया अर्धवट राहिली तर कांहीं सांखळ्यांतील दुहेरी बंध न जातां केवळ पालटतो आणि सांखळी जवळजवळ सरळ होते. यांस ट्रान्स मेदाम्लें म्हणतात. तीं रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात, हितकारक कमी करितात, व हृदयास बाधतात. चव वा वास यांवरून तीं ओळखूं येत नाहींत, हीच अडचण! भारतांत जानेवारी २०२२ पासून तेलें व वनस्पति यांतील त्यांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असा नियम आहे. तूर्त डब्यावरील बारीक अक्षरें वाचण्याचें काम ज्यांचे डोळे तरुण आहेत त्यांनीं घरांत करावें.