सेल्फची बॅटरी आणि कराडचं ऊन

गळिताचा हंगाम सुरू झाला की कराडच्या आसपास भल्या पहाटे ट्रॅक्टर धडधडू लागतात. चावी फिरवली, सेल्फ लागला, इंजिन सुरू. त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीतून शेकडो ॲम्पिअर वीज धावते. अशी बॅटरी मिळायला आधी तिच्याकडे नेमकं काय मागायचं, हे कुणीतरी ठरवावं लागलं.

१९१० च्या सुमारास मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. कॅडिलॅक या अमेरिकी मोटार कंपनीचे हेन्री लेलँड यांना यातून सुटका हवी होती. डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये त्यांना विजेवरचा स्टार्टर करून दिला आणि १९१२ च्या मॉडेलवर तो बसला. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असं जाणकार सांगत होते. पण केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. लहान मोटर क्षणभर जबर भार घेऊ शकते, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं.

बॅटरीचा हिशेबही असाच बदलला. तोवर विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्या तासन्‌तास सावकाश वीज देण्यासाठी बनत. सेल्फला हवी ती थोडा वेळ, पण भरमसाट. त्यासाठी प्लेटा पातळ आणि जास्त लागतात: आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो, करंट वाढतो. मात्र अशा प्लेटा वारंवार पूर्ण उतरवल्या तर लवकर खराब होतात, म्हणून गाडी चालताना बॅटरी पुन्हा भरली गेलीच पाहिजे. कॅडिलॅकच्या त्या व्यवस्थेत सुरू करताना २४ व्होल्ट आणि दिव्यांना ६ व्होल्ट मिळत. तेव्हा पुरवठादाराला नुसतं ‘चांगली बॅटरी द्या’ म्हणून भागत नव्हतं. किती ॲम्पिअर, किती सेकंद, तेवढ्यात व्होल्टेज कुठवर उतरलेलं चालेल, हे सगळं आकड्यांत सांगावं लागे.

आणि कुठल्या हवेत, हेही. अमेरिकेतल्या प्रचलित चाचणीत १२ व्होल्टच्या बॅटरीने उणे १८ अंशांवर ३० सेकंद ठरलेला करंट द्यायचा असतो आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नसतं. कराडला थंडीचा हा प्रश्नच नाही. इथे वैशाखात पारा चाळिशीकडे जातो, बॉनेटखाली त्याहून वर. उष्णतेने पाणी उडतं, प्लेटांची शिशाची जाळी झिजते. म्हणून थंड देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या आम्लाची घनता १.२८० च्या आसपास ठेवतात, तर आपल्याकडे २७ अंशांना साधारण १.२४० पुरते. आम्ल सौम्य झालं की ताकद थोडी कमी मिळते, पण प्लेटा जास्त टिकतात. मला हा सौदा अतिशय शहाणपणाचा वाटतो. आपल्या उन्हाची दखल या एका आकड्यात घेतली गेली आहे.

वाहनांच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ७३७२. तरीही कितीतरी जण किंमत तेवढी विचारतात आणि बॅटरी उचलतात. ऊसवाहतूकदारांनी आणि गाडीमालकांनी असं करू नये. आधी ॲम्पिअर-तास गाडीच्या माहितीपुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा, बॅटरी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा आणि वॉरंटीच्या अटी वाचा. पैशांचं त्यानंतर बोला.