घरातील जुना संगणक व त्याची दुरुस्ती
(एक घाऊक धान्य व्यापारी, निपाणी)



आमच्या वडिलांच्या काळी पेढीची सारी मालमत्ता दोन ठिकाणी असे : धान्य वखारीत आणि हिशेब चोपड्यांत. त्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांना वाळवी लागू नये म्हणून केवढी काळजी घेतली जाई, हे माझ्या वयाच्या मंडळींस सांगावयास नको. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ज्यांनी तोवर संगणक टाळला होता, त्यांच्याही घरी तो येऊन बसला. चोपड्या गेल्या, वाळवी मात्र नवे रूप घेऊन आली. तिजविषयी स्वानुभवाने जे समजले, ते येथे मांडीत आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; ह्या शास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु पोळलेल्या माणसाने विस्तवाविषयी दोन शब्द सांगावयास हरकत नसावी.

गतवर्षी ऐन आषाढात, महिन्याच्या 18 तारखेस, पावसामुळे एका संध्याकाळी तीन वेळा वीज गेली. रात्री संगणक सुरू केला, तो हिशेबाची प्रणाली उघडेना. अमुक एक फाइल सापडत नाही, असा इंग्रजी मजकूर पुनःपुन्हा येऊ लागला. आमचे मासिक विवरणपत्र 20 तारखेच्या आत भरावयाचे होते. दुरुस्तीवाल्यास विचारता तो म्हणाला, “सगळे पुसून नव्याने भरावे लागेल.” हे ऐकताच पोटात गोळा आला. कारण काही वर्षांपूर्वी असेच एकदा सर्व पुसू दिले होते आणि त्यात दोन वर्षांची उधारी नाहीशी झाली. दिवाणजींनी हाताने रोजमेळ लिहून ठेवला होता म्हणून बरीचशी येणी उभी करता आली. जी लिहिली नव्हती, ती कायमची बुडाली.

ह्या वेळी बेंगळुरूस असलेल्या नातीला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “आण्णा, काही पुसू देऊ नका. तुमचा हिशेब वेगळा आणि यंत्राच्या फाइली वेगळ्या. बिघाड बहुधा यंत्राच्या फाइलींत आहे.” ह्या एका वाक्यात सारे मर्म आहे.

संगणकात दोन प्रकारचा माल असतो. पहिला आपला स्वतःचा : हिशेब, पत्रे, छायाचित्रे. दुसरा विंडोज नामक मूळ प्रणालीचा. हजारो फाइली मिळून यंत्र चालवितात. एखादी फाइल लिहिली जात असता वीज गेली, अथवा तबकडी जुनी होऊन तिचा काही भाग खराब झाला, तर ती फाइल अर्धवट राहते. तेवढ्याने यंत्र अडते. परंतु आपला हिशेब त्याच वेळी शाबूतही असू शकतो.

दुरुस्तीची रीत आपल्या धंद्याच्या भाषेत सहज समजते. शाळूचा सौदा ठरताना आपण नमुना बांधून मोहोर करून ठेवतो आणि माल आल्यावर तो नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे पाहतो. विंडोजही आपल्या फाइलींचे नमुने एका वेगळ्या कोठीत ठेवते आणि प्रत्येक फाइलीची एक अंकमुद्रा नोंदवून ठेवते. ‘सिस्टिम फाइल चेकर’ हा तपासनीस प्रत्येक फाइल त्या मुद्रेशी ताडून पाहतो आणि न जुळणारी फाइल काढून कोठीतील चांगली प्रत तेथे ठेवतो. आपल्या हिशेबास तो हात लावीत नाही.

आता क्रम सांगतो.

पहिले काम : यंत्र चालू होत असेल तर प्रथम हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. तबकडीतून टक्टक् असा आवाज येत असेल तर पुढील काहीही न करता केवळ प्रत घ्यावी व जाणत्यास बोलवावे. कारण तेथे फाइल नव्हे, तबकडीच मोडकळीस आलेली असते.

दुसरे काम : शोधाच्या चौकटीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहावीत. दिसलेल्या नावावर माउसची उजवी कळ दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळी चौकट उघडते. तीत इंग्रजी लिपीत ‘एसएफसी’, एक जागा मोकळी, प्रश्नचिन्हाच्या कळीवरील तिरकी रेघ व तिला चिकटून ‘स्कॅननाऊ’ असे लिहून एंटर दाबावे. तपासणीस वेळ लागतो. शंभर टक्के होईतो चौकट बंद करू नये.

शेवटी चारांपैकी एक उत्तर मिळते. दोष आढळला नाही; दोष आढळला व दुरुस्त झाला; दोष आढळला परंतु काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत; अथवा तपासणीच करता आली नाही. दुसरे उत्तर आल्यास यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे.

तिसरे उत्तर आले तर कोठीतील नमुन्यालाच कीड लागली असे समजावे. आमचे तसेच झाले होते. मग नवा नमुना मूळ पेढीकडूनच मागवावा लागतो. विंडोज आठ व त्यापुढील आवृत्तींत त्याची सोय आहे. महाजाल जोडलेले ठेवून त्याच चौकटीत ‘डीआयएसएम’, जागा, तिरकी रेघ व ‘ऑनलाइन’, जागा, तिरकी रेघ व ‘क्लीनअप’, लहान आडवी रेघ, ‘इमेज’, जागा, तिरकी रेघ व ‘रिस्टोअरहेल्थ’ असे लिहावे. काम मध्येच खोळंबल्यासारखे दिसते; धीर सोडू नये. ते पुरे झाल्यावर पहिली तपासणी पुन्हा करावी. आमचे यंत्र रात्री साडेअकरास पूर्ववत झाले आणि विवरणपत्र मुदतीत गेले.

दुरुस्तीनंतरही तोच दोष वारंवार आला, तर तबकडी अथवा स्मृतिपट्टी झिजली असे मानून ती बदलावी.

एक गोष्ट आणखी. विंडोज सातचे संरक्षण 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज दहाचे सर्वसाधारण संरक्षण 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. अशा यंत्रातील फाइली दुरुस्त होतात, परंतु नव्या चोरवाटा त्यामुळे बुजत नाहीत. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत, हे उत्तम.

कर-कायद्यान्वये वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवणे आपणांवर बंधनकारक आहे. दहा वर्षांच्या यंत्रावर एवढा भरवसा टाकणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून आमच्या घरी आता तीन नियम आहेत : विजेसाठी यूपीएस, दर शनिवारी हिशेबाची प्रत, तीही दोन पेनड्राइव्हवर, पैकी एक घराबाहेर, आणि कोणी ‘सगळे पुसू’ म्हणाला, तर प्रथम “आमचा हिशेब कोठे आहे, तो दाखवा,” असे विचारणे.

दिवाणजींचा तो रोजमेळ मी अद्याप कपाटात ठेवला आहे. ज्याने आपली येणी वाचविली, त्याला रद्दीत घालवत नाही. आपणांपैकी कोणाचे यंत्र असे अडले, तर घाबरून निर्णय घेऊ नये, एवढी विनंती करून लेखणी आवरतो.